लोकांच्या पॉइंटवर

आमच्या ओळखीतली माणसं थंडी पडली की व्हिएतनामला जातात, जॉर्जियाला जातात आणि परत आल्यावर आम्हाला मोबाइलवर बर्फ दाखवतात. मी डोंबिवलीहून ठाण्याला गेलो आणि कल्याणवरून परत आलो. शुक्रवारी निघालो, रविवारी पोचलो. तेवढ्या वेळात ती माणसं विमान बदलून आणखी पुढे कुठेतरी गेली असती, हे मला ठाऊक आहे. पण विजेच्या स्कूटरवर, मागे बायकोला बसवून, स्वतःच्या घरी चार्जिंगची सोय नसताना केलेला हा प्रवास कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून लिहितो आहे. असं वाहन घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी वाचावं. ज्यांच्याकडे खाली, गाडीजवळ, स्वतःचा पॉइंट आहे त्यांनी नाही वाचलं तरी चालेल. त्यांचं बरं चाललेलंच आहे.

स्कूटर का घेतली, याचं एक कारण मी लोकांना सांगतो आणि एक कारण नीता, म्हणजे माझी बायको, सांगते. माझं कारण असं की नीता कल्याणच्या एका शाळेत शिकवते. पावसाळ्यात तिचा घोटा मोडला, आत प्लेट बसली आणि डॉक्टरांनी स्टेशनचे जिने बंद म्हणून सांगितलं. शाळेने तिच्या जागी तात्पुरत्या बाई घेतल्या. येत्या सोमवारी नीता रुजू झाली नाही तर त्याच बाई कायम होतील, हे मुख्याध्यापिकांनी फार गोड आवाजात कळवलं होतं. माझंही ऑफिस कल्याणलाच. तेव्हा मी तिला स्कूटरवर न्यायचं आणि आणायचं, असं ठरलं. नीता सांगते ते कारण असं, की माझ्या साडूने विजेची मोटार घेतली आणि माझी झोप उडाली.

साडू हे नातंच मोठं वाईट आहे. एकाच घरच्या दोन जावयांना जन्मभर शेजारी शेजारी जेवायला बसवायचं आणि दोघांच्या ताटात काय पडतंय ते सगळ्यांनी बघायचं. शैलेश माझ्याहून लहान, पण त्याचं सगळं आधी होतं. त्याचा फ्लॅट आधी, त्याची पोरगी ईशा आधी इंजिनीअरिंगला, त्याची विजेची गाडी आधी. त्या गाडीचे पेढे त्याने सगळ्यांसमोर वाटले. मी तिथेच जाहीर करून टाकलं की आम्हीही पेट्रोल सोडतोय.

जुनी स्कूटर एक्स्चेंजमध्ये दिली. शोरूममध्ये एक गाडी अशी होती की जिची बॅटरी काढून घरात नेता येते. पण तिची डिकी लहान होती. मी मोठ्या डिकीची घेतली, जिची बॅटरी निघत नाही. मला डिकी दिसली, आमचा तिसरा मजला दिसला नाही.

आमच्याकडे बायका भाजीसाठी खिडकीतून पिशवी सोडतात. मी वायर सोडली. दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीत ती अडकली, आणि कमिटीने मला बोलावून घेतलं. ‘पॉइंट घ्या, आमची ना नाही,’ असं सेक्रेटरी म्हणाले. ‘तुमच्या मीटरवरून रीतसर घ्या. फक्त मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत वायरीचा पाइप जातो तो चौबळांच्या पार्किंगच्या भिंतीवरून. ते हो म्हणाले की झालं.’

पहिल्या मजल्यावरचे चौबळ नाही म्हणाले. कारण दिलं नाही. आग लागेल असं म्हणाले असते तर त्याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. नुसतं ‘नाही’ला काय उत्तर देणार? त्यांची स्वतःची स्कूटर त्या भिंतीशी कव्हर घालून उभी असते, ती कधी हललेली कोणी पाहिली नाही. मी जिन्यातून वर येताना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, ‘स्वतः फिरायचं नाही आणि दुसऱ्याला फिरू द्यायचं नाही.’

रविवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. तोवर चौबळ वळले नाहीत तर गाडी विकून टाकायची, दुसरा इलाज नव्हता. ती विकल्याशिवाय पेट्रोलची घेता येणार नव्हती. मधल्या काळात नीताला रोज सकाळी फिजिओथेरपीला नेत होतो आणि गिरणीवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या दुकानात चार्ज करत होतो. मग गिरणीच्या जागेच्या मालकानेही भुवया चढवल्या.

तेवढ्यात शैलेशचा फोन आला. ‘श्रीधरराव, इकडे या ना दोन दिवस. गाडी फुल्ल करून न्या. आणि नाहीच जमलं तर मला द्या, ईशाला कॉलेजला होईल.’

बोलणं अगदी प्रेमाचं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

शीळ रोड

नीता म्हणाली, ‘माणकोलीच्या पुलावरून जाऊ. लगेच पोचतो.’

तिचं बरोबर होतं. पण माझ्या मोबाइलवर शीळ रोडला विजेच्या खुणेचे हिरवे ठिपके दिसत होते. थोडीच बॅटरी उरलेली होती, म्हटलं वाटेत भरून घेऊ. हिरवा ठिपका म्हणजे चालू, अशी माझी समजूत. पहिला ठिपका एका फर्निचरच्या शोरूमच्या आवारात निघाला. चार्जर होता, पण त्याला सेलचा बॅनर बांधलेला आणि खाली कुंड्या मांडलेल्या. ‘वो तो लगा तब से बंद है,’ असं तिथला माणूस म्हणाला आणि कुंडीला पाणी घालत राहिला. दुसरा ठिपका चालू होता. त्याच्यासमोर पेट्रोलची एक पांढरी मोटार लावून चालक सीट मागे पाडून झोपला होता. मी काच वाजवली. त्याने डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटला. इतकी शांत झोप मला महिनाभर लागली नव्हती.

वारा समोरून, मागे ट्रेलरचे भोंगे, आणि समोर बॅटरीचा आकडा घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली. काटई सोडून थोडं पुढे गेल्यावर गाडी मंदावली. मी मुख्य रस्ता सोडून एका गावाच्या कमानीतून आत घेतली. कमानीच्या पलीकडे रस्त्यावर मांडव घातलेला होता आणि मांडवाच्या तोंडाशी येऊन गाडी थांबली.

पांढरा झब्बा घातलेला, गळ्यात जाड साखळी असलेला एक गृहस्थ पुढे आला. ‘काय रं दादा, गारी बंद परली?’

‘चार्जिंग संपलं.’

‘मंग घाल ना आत! लायट हाय आपल्याकरं. आज आमचे पोराची हलद हाय, जेवून जावाचा.’

हे भोईर. मुलाच्या लग्नाची हळद होती, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीचा मोठा कार्यक्रम. ह्या गावांत हळदीला जेवढी माणसं जमतात तेवढी आमच्याकडे लग्न, मुंज आणि साठीशांत मिळून जमत नाहीत. मी आपला चार्जर काढून मांडवाच्या बोर्डात लावला. दिवा लागला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात डीजेवाल्याने बटण दाबलं, एक ठोका वाजला आणि सगळा मांडव गप्प झाला. दिवे गेले, पंखे थांबले. नाचायला हात वर केलेल्या बायका तशाच उभ्या.

‘कोनी बंद केला गाना?’ एका मावशींनी विचारलं, आणि शे-दीडशे माना माझ्या स्कूटरकडे वळल्या.

मी चार्जर उपटला. आता हाकलणार, अशी मनाची तयारी केली. भोईर हसत आले. ‘अरं, मांडवाचे लाइनीवर नको. घरान घे.’

‘घरात? गाडी?’

‘मंग काय तुला उचलून घेऊ?’

‘कोणाला विचारायला पाहिजे का?’ हे माझ्या तोंडून सवयीने गेलं. कमिटीने लावलेली सवय.

‘कोनाला विचारतंस? घर माजाच, लायट माजी.’ मग माझा चेहरा बघून म्हणाले, ‘एनओसी का? अरं, एनओसी मागाला तं बिल्डर माज्याकरं येतं.’

चार जणांनी स्कूटर ओटीवर चढवली. दारात त्यांच्या बायकोने सगळ्यांना थांबवलं. ‘नवी गारी हाय ना? पयल्यांदा आली घरान. थांबा जरा.’ तिने तांब्याभर पाणी आणून पुढच्या चाकावर ओतलं, हातातली हळद गाडीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी फासली, आणि मग गाडी उंबरा ओलांडून आत गेली. जी गाडी आमच्या सोसायटीत भिंतीला चालत नाही, ती इथे हॉलमध्ये, सोफा आणि फ्रीजच्या मधोमध, पंख्याखाली उभी राहिली.

मी त्या हॉलकडे बघत बसलो. प्रत्येक खांबाला पॉइंट. दाराशी पॉइंट, देवघराशी पॉइंट, बाहेर ओटीवर तीन एका ओळीत. पाणी चढवायला मोटर, अंगणात दोन मोटारी, वर आणखी एक मजला आणि त्याच्यावर गच्ची, आणि ह्या सगळ्याला एकाही माणसाची सही लागत नाही. मी पॉइंट मोजतोय हे नीताच्या लक्षात आलं. तिने माझा हात दाबला.

‘पुरे. दृष्ट लावशील त्यांच्या घराला.’

तांदळाची भाकरी आणि मटण वाढलं. भाकरी इतकी मऊ की दुमडली तरी मोडत नव्हती. आमच्याकडे जेवायला बोलावलं की आधी ‘किती जण येणार’ विचारतात. इथे कोणी आमचं नावही विचारलं नव्हतं. नीताचा पाय बघून कोणीतरी तिला सोफ्यावर बसवून पायाखाली उशी दिली आणि सगळा नाच तिला समोर दिसेल असं दार उघडून ठेवलं. ती टाळ्या वाजवत होती. मी भाकरी खात होतो आणि चार्जरच्या दिव्याकडे बघत होतो. एवढं चांगलं वागवल्यावरही एखाद्या माणसाचा हेवा वाटतो, ही काही सांगायची गोष्ट नाही. पण वाटत होता.

घोडबंदर रोड

हळद फासलेली स्कूटर घेऊन आम्ही शैलेशच्या टॉवरशी पोचलो तेव्हा गेटवरच्या माणसाने आधी आमच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या तोंडाकडे. मग त्याने वर फोन लावला.

शैलेश स्वतः खाली आला. बेसमेंटमध्ये त्याची जागा दाखवायची त्याला घाई झाली होती. जागा दाखवण्यासारखी होतीच. जमिनीवर हिरवा रंग, भिंतीवर फ्लॅटचा नंबर, शेजारी चकचकीत पांढरा डबा, त्यातून निघालेली जाड काळी वायर, आणि तिच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. दिवे मंद. एसीचा वारा कुठून तरी येत होता. आमच्या हॉलमध्ये एसी नाही.

‘रात्री लावतो, सकाळी तयार,’ शैलेश म्हणाला. ‘विचार करावाच लागत नाही हो.’

विचार करावा लागत नाही! मी महिनाभर दुसरं काहीही केलेलं नव्हतं. नीता माझ्या कानाशी आली. ‘जळका वास येतोय. वायरचा की तुझा?’

शैलेशने मूठ उचलून स्कूटरला लावायला घेतली. लागेना. त्याने फिरवून पाहिली, वाकून पाहिलं, मागून पाहिलं. त्याच्या मुठीला सात भोकं, माझ्या स्कूटरला साधा तीन पिनांचा घरगुती प्लग. मोटारीचं आणि स्कूटरचं जमतच नव्हतं. शेजारच्या भिंतीवर साधा पॉइंट एकही नव्हता. एवढ्या बेसमेंटमध्ये, एवढ्या मोटारींच्या रांगेत, एक साधा पॉइंट नव्हता.

खरं सांगतो, मला आनंद झाला. माझी गाडी रिकामीच राहणार होती, सोमवार तोंडावर आला होता, तरी आनंद झाला. शैलेशचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि तो मला आणखी थोडा वेळ बघायचा होता.

शेवटी गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये साधा पॉइंट सापडला. तिथे लावायला शैलेशला कोणा मॅनेजरला फोन करून विनवावं लागलं. वॉचमनने मात्र लगेच जागा करून दिली. ‘लगा दो साब, पर चाय के टाइम निकालना पडेगा,’ असं म्हणून त्याने किटलीची पिन काढून हातात दिली. टॉवरमध्ये पॉइंटचा खरा मालक तो होता. रात्री जेवताना मला त्याचाही हेवा वाटला. जेवणात मेघनाने, म्हणजे नीताच्या बहिणीने, बाजरी आणि ब्रोकोली घालून केलेली खिचडी होती. भोईरांची भाकरी आठवत मी ती संपवली.

सकाळी बाल्कनीतून खाली पाहिलं तर ईशा आमची स्कूटर टॉवरच्या बागेभोवती चालवत होती. केस उडत होते. वळणावर ती अशी सहज कलायची की गाडी जन्मापासून तिचीच असावी. हळद तिने धुऊन टाकली होती. खालून ओरडली, ‘मावशी, काय स्मूद आहे गं!’

शैलेश माझ्या मागे येऊन उभा राहिला. ‘बघा श्रीधरराव. मी घाई करत नाही. रविवारी रात्रीपर्यंत सांगा. इथे मी तिच्यासाठी साधा पॉइंट घेऊन टाकीन, आठ दिवसांचं काम. तुमचाही त्रास वाचेल.’

आठ दिवसांचं काम! त्याच्या भिंतीवर चौबळ नव्हते.

तो आत गेल्यावर मी नीताला म्हणालो, ‘भंगारात घालीन, पण ह्याला देणार नाही.’

ती खाली ईशाकडे बघत होती. ‘देऊन टाक.’

‘काय?’

‘देऊन टाक. पोरगी वापरेल तरी.’

‘अगं, पण त्याला? प्रत्येक सणाला तो ती गाडी माझ्यासमोर आणून उभी करेल.’

ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नीता सहसा रडत नाही, घोटा मोडला तेव्हाही तिने रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगितला होता. ‘तू गाडीबद्दल बोलतोयस, श्री. शैलेशबद्दल बोलतोयस. मी सोमवारबद्दल बोलतेय. सातवीचा वर्ग माझा आहे. ती दुसरी बाई त्यांना माझ्या फळ्यावर शिकवतेय, आणि मी इथे तुमचं दोघांचं बघत बसलेय. मला कोणी विचारलंय का, मी सोमवारी कशी जाणार?’

तिलाही त्या बाईचा हेवा वाटत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटायचं घरात तो मान माझा एकट्याचा.

कशेळी, कल्याण, ठाकुर्ली

रविवारी सकाळी निघालो. केबिनमधल्या पॉइंटने चहाच्या वेळा सांभाळून का होईना, गाडी भरली होती. ह्या वेळी नीताने रस्ता सांगितला आणि मी मुकाट्याने घेतला. कशेळीच्या पुलावर खाडी भरलेली होती. दोन होड्या काठाला लागून होत्या आणि एक बाई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन चिखलातून चालत येत होती. गोदामांच्या रांगा लागल्या, ट्रकांची धूळ सुरू झाली. कोनगाव सोडल्यावर दुर्गाडीचा किल्ला दिसला की कल्याणात आल्यासारखं वाटतं, तसं वाटलं. नीताने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘शाळेवरून जाऊ.’

शाळा बंद होती. तिने रस्त्यावरूनच वरच्या मजल्यावरची खिडकी दाखवली. ‘तो माझा वर्ग.’ खिडकीच्या गजाला कोणीतरी कागदाचा कंदील बांधला होता, दिवाळीचा राहिलेला. ‘तो मी नाही लावलेला,’ ती म्हणाली. मी शाळेच्या शिपायाला विचारलं की दिवसा इथे गाडी चार्ज करता येईल का. तो म्हणाला, ‘सर, एकाला दिलं तर सगळे मागतील.’ हे वाक्य आता मला कोणत्याही दारात, कोणत्याही भाषेत ओळखू येतं.

पत्री पुलावरून ठाकुर्लीकडे वळलो. नव्वद फुटी रस्त्यावर एका दुकानाशेजारी कपाटासारखं मशीन होतं. समोर पाठीवर चौकोनी पिशव्या लावलेले डिलिव्हरीवाले. एक जण आला, सीटखालची बॅटरी काढली, कपाटाच्या खणात सरकवली, दुसऱ्या खणातली उचलून बसवली, आणि गेला. मी थांबून बघत राहिलो. लगेच दुसरा आला आणि त्याने तेच केलं. त्यांना ना सेक्रेटरी, ना भिंत, ना साडू.

‘हे माझ्या गाडीत बसेल का?’ मी एकाला विचारलं.

त्याने माझी गाडी वरून खाली पाहिली. ‘अंकल, तुमची फिक्सवाली आहे. कंपनीच वेगळी. नाय बसणार.’ मग रेस द्यायला मूठ पिळल्यासारखं करून हसला. ‘डिकी मस्त आहे पण.’

नीता मागे इतकी हसली की तिने माझा खांदा धरला. मलाही हसू आलं. घर जवळ आलं होतं.

डोंबिवली, पहिला मजला

मीटिंगच्या आधी मी एकटाच चौबळांकडे गेलो. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. पहिला मजला, गेटच्या अगदी वर. बेल वाजवताना मी मनात भांडणाची जुळवाजुळव केली होती.

दार चौबळांनी उघडलं. खांद्यावर पंचा, हातात मऊ भाताची वाटी. आत खिडकीशी चाकाची खुर्ची होती आणि त्यात त्यांच्या बायको. त्या आजारी आहेत एवढं ऐकून होतो. तोंडाची एक बाजू ओघळलेली, एक हात मांडीवर ठेवून दिलेला. त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, खाली गेटकडे होतं.

‘वायरीचं विचारायला आलात,’ चौबळ म्हणाले. ‘थांबा, हे संपवतो.’

त्यांनी चमच्याने दोन घास भरवले, पंच्याने तोंड पुसलं. बायकोच्या तोंडात घास असताना चौबळांचंही तोंड थोडं हलत होतं. मग माझ्याकडे न वळता बोलायला लागले.

‘आग लागेल वगैरे मी काही म्हणणार नाही. वायरीने काही होत नाही, मी इलेक्ट्रिक खात्यातच होतो.’

‘मग?’

‘तुम्ही रोज सकाळी बायकोला हात धरून खाली आणता. गाडीवर बसवता. त्या काहीतरी बोलतात, तुम्ही हसता. ही इथे तयारच असते. सहाचा चहा झाला की खुर्ची खिडकीशी न्यायला लावते. तुम्ही हसलात की हीपण हसते.’ त्यांनी वाटी खाली ठेवली. ‘मी दिवसभर हिचं करतो, सामंत. न्हाऊ घालतो, भरवतो, वाचून दाखवतो. माझ्याकडे बघून ही हसलेली मला आठवत नाही. मला बघवत नाही ते. झालं कारण? आता सांगा कमिटीला.’

मी दाराशी उभा होतो. शुक्रवारपासून भेटलेल्या प्रत्येक माणसावर मी जळलो होतो, भोईरांवर, शैलेशवर, वॉचमनवर, त्या बॅटरीवाल्या पोरांवर. एकालाही तोंडावर बोललो नव्हतो. आणि माझ्याकडे बघून कोणाचा असा जीव जळत असेल, हे माझ्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. माझ्याकडे आहे काय, असंच मी म्हणत होतो.

‘राहू दे चौबळसाहेब,’ मी म्हणालो. ‘आम्ही गाडी देऊन टाकतो.’

‘देऊ नका.’ ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. ‘तुमच्या बाईंना शाळेत जायचंय, मला माहितीय. पाइप माझ्या भिंतीवरून न्या. फक्त गाडी ह्या गेटाने काढू नका. मागच्या गेटाने जा.’

मी खिडकीकडे पाहिलं. त्या अजून खाली बघत होत्या. त्यांना विचारावं असं मनात आलं. पण ते घर माझं नव्हतं. मी बरं म्हणालो.

मीटिंगमध्ये चौबळ शेवटी आले, विषय निघाला तेव्हा हात वर केला आणि लगेच वर निघून गेले. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली. शैलेशला मी फोन करून गाडी देत नाही म्हणून सांगितलं. ह्या फोनची मी दोन दिवस मनात तालीम केली होती, पण बोलायला लागल्यावर त्यातलं काहीच बोललो नाही. ईशाला माझ्यातर्फे सॉरी सांग, एवढंच म्हणालो.

सोमवारी सकाळी नीताने ठेवणीतली निळी साडी नेसली. मी तिचा हात धरून जिना उतरलो, गाडी काढली आणि मागच्या गेटाकडे वळवली. तिकडे कचऱ्याचे डबे आहेत, गटाराची फरशी हलते, आणि गल्ली सगळ्या इमारतीला वळसा घालून रस्त्याला लागते.

‘ह्या बाजूने का रे?’ नीताने विचारलं.

‘जवळ पडतं,’ मी म्हणालो.

‘काहीतरीच! कचऱ्याच्या वासाने मुलं ओळखतील मला, बाई आल्या म्हणून.’

मला हसू आलं. गल्ली संपेपर्यंत मी ते दाबून धरलं.